जमिनीखालचं कुंपण कोल्हापूरला नको

"तिकडं रस्त्यावर एक तरी कुत्रं दिसतंय काय रे?" कोल्हापूरहून येणाऱ्या फोनवर हल्ली हा प्रश्न ठरलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. पंधरवडा उलटायच्या आत तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची जिथून उचलली तिथंच सोडा. मग नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातून कुत्री हलवा आणि आवाराला कुंपण घाला, असा हुकूम आला. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन फळ्या पडल्यात. आत्या रोज संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालते. धाकटे काका सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, रेबीजच्या इंजेक्शनच्या रांगेत बसून आलेत. भांडण पेटलं की दोघंही साक्षीला मलाच उभं करतात, कारण मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहतो.

रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, हे खरंच आहे. ते का दिसत नाही, हे मात्र ना आत्या विचारते ना काका.

त्यात दादाने तिसरी उडी घेतली. दादा म्हणजे चुलतभाऊ. कागल रस्त्याला त्याचा मळा आहे, मळ्यावर घर आहे आणि दारात कारवान जातीची कुत्री आहे, लांब तोंडाची, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी. "तू घराभोवती जमिनीत वायर पुरलीयस म्हणं. येताना मला पण एक घेऊन ये की. कंपाउंडचा खर्च वाचंल." मी फोनवर समजावून सांगायला लागलो तर त्याने मध्येच तोडलं, "म्हणजे आपली झटका मशीनच की रे ही!"

तशी ती नव्हे. डुकरांसाठी उसाच्या कडेला लावलेल्या झटका मशीनमध्ये तारेलाच करंट असतो, जो शिवेल त्याला बसतो. इथे पुरलेल्या तारेला हात लावला तरी काही होत नाही. गॅरेजमधल्या भिंतीवर एक ट्रान्समीटर असतो. तो त्या तारेतून अगदी हलका रेडिओ सिग्नल फिरवत राहतो. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर रिसीव्हर असतो. कुत्रं तारेच्या काही फूट जवळ आलं की पट्टा आधी बीप वाजवतो. तरीही पुढे गेलं तर पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या दोन बोंडांतून मानेला झटका बसतो. अमेरिकेत याचं पेटंट १९७० च्या दशकातलं आहे, तेव्हा नवलाई अशी काहीच नाही.

आमच्या वसाहतीत घरमालकांची संघटना आहे आणि तिच्या नियमात घरापुढच्या हिरवळीला दिसेल असं कुंपण घालायला बंदी आहे. रस्ता कसा एकसारखा दिसला पाहिजे! मागे लाकडी कुंपण चालतं, पण संघटना सांगेल त्याच उंचीचं, सांगेल त्याच रंगाचं. काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) निवाऱ्यातून आणलेला आमचा मोती अर्धा बीगल, अर्धा लॅब्रॅडोर. नाक जमिनीला लावून वासामागे निघाला की हाक ऐकायची त्याची सवय नाही. म्हणून तार.

निवडताना सगळे झटक्याच्या पातळ्या मोजतात. मला तारेची जाडी जास्त महत्त्वाची वाटते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. किटमध्ये बहुतेक वीस गेजची केसासारखी तार येते. ती पुरताना तुटली नाही तर पुढच्या वर्षी झाडाच्या मुळाने तुटते. चौदा गेजची वेगळी विकत घ्यावी. वीस गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याचा घेर सहाशे फुटांच्या आसपास भरतो आणि किटमध्ये पाचशे फूट तार असते, म्हणजे नाहीतरी जास्तीची लागतेच. सॅटेलाइटवर चालणारे जीपीएसचे पट्टेही आलेत, खणाखणी नाही, काही नाही. पण त्यांची हद्द काही फूट इकडेतिकडे सरकते. मोठ्या रानाला ते ठीक आहेत. आमच्यासारख्या चिमूटभर आवारात कुत्रं आपल्याच पायरीवर झटका खाईल.

पुरण्याआधी ८११ या नंबरवर फोन करायचा. फुकटात माणसं येतात आणि जमिनीवर रंगाने खुणा करून जातात: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, टेलिफोन-केबलला नारिंगी. (आपल्याकडे पाण्याची लाइन कुठून गेलीय हे जेसीबीलाच आधी कळतं.) मग हिरवळीत फावड्याने बोटभर खोल चीर पाडत जायचं, तार दाबायची, पायाने माती बसवायची. सिमेंटच्या गाडीरस्त्यावर आयती फट असते, तीत तार घालून वरून सीलंट भरायचं. खरी गंमत घरापासून हद्दीपर्यंतच्या तारेत आहे. ट्रान्समीटरमधून निघालेली तार पूर्ण वळसा घालून परत त्याच्याकडेच यायला हवी. पण त्या मधल्या भागात सिग्नल नको, नाहीतर कुत्र्याला अंगणातच भिंत लागते. म्हणून तिथे जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून पुरतात. दोघींचे सिग्नल उलट्या दिशेचे, ते एकमेकांना मारतात. हाताने पीळ घालत बसलं तर दिवस जातो. दोन टोकं ड्रिल मशीनच्या तोंडात अडकवायची, दुसरी दोन बायकोच्या हातात द्यायची आणि बटण दाबायचं. सुंभासारखा पीळ पडतो.

एवढं करून कुत्र्याला काही कळलेलं नसतंच. हद्दीवर छोटे पांढरे झेंडे रोवायचे आणि पट्टा फक्त बीपवर ठेवून, गळ्यात दोरी घालून त्याला झेंड्यापर्यंत न्यायचं. बीप वाजला की मागे ओढायचं, लाड करायचे, खाऊ द्यायचा. रोज दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं, निदान दोन आठवडे. हलका झटका त्यानंतर. पट्ट्याची बोंडं कातडीला टेकली पाहिजेत, नुसत्या केसांवर राहिली तर उपयोग नाही. आणि दिवसातून बारा तासांच्या वर पट्टा ठेवला तर मानेला जखमा होतात. हा भाग लोक टाळतात. किट आणतात, शनिवारी तार पुरतात, रविवारी कुत्रं सोडतात आणि सोमवारी किट भंगार आहे म्हणून सांगतात.

मोतीचं आता असं आहे की गळ्यात पट्टा नसला तरी तो हिरवळ संपायच्या एक पाऊल अलीकडे थांबतो. शेपूट हलत असते, समोरून पोस्टमन जात असतो, पुढचा एक पाय उचललेला असतो, पण तो टेकत नाही. त्याला फिरायला न्यायचं तर तेवढी जागा उचलून पार करावी लागते, किंवा गाडीत घालून. ते बघताना मला दर वेळी बरं वाटतंच असं नाही. वेल्समध्ये २०१० पासून विजेच्या पट्ट्यांवर बंदी आहे, हद्दीच्या पट्ट्यांसकट. जर्मनीतही झटका देणारे पट्टे चालत नाहीत. अमेरिकेत ते सर्रास विकत मिळतात. म्हणजे 'परदेशात चालतं' म्हणणाऱ्याने आधी कुठल्या परदेशात ते सांगावं.

आता दादाचा मळा. पहिली अडचण कुत्रीची. कारवान नजरेने शिकार करणारी जात. ससा दिसला की ती बीपही ऐकत नाही आणि झटकाही मोजत नाही, सरळ पार होते. परत येताना मात्र सशाची धुंदी उतरलेली असते, पट्टा पुन्हा बीप देतो आणि ती आपल्याच घराबाहेर उभी राहते. दुसरी अडचण जमिनीची. जिथे वर्षातून दोनदा रोटाव्हेटर फिरतो आणि बांधाला घुशींनी पोखरलंय, तिथे बोटभर खोल तार किती दिवस टिकणार? तुटली की सगळा वळसाच मेला. तिसरी विजेची. लाइट गेली की कुंपण गेलं. बॅटरीची सोय करता येते, पण वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तर जमिनीतली एवढी लांब तार तो दणका थेट मशीनपर्यंत आणते. त्याला वेगळा सर्ज प्रोटेक्टर. वर इथलं किट १२० व्होल्टचं, तिकडच्या प्लगात तसंच खुपसलं तर धूर.

हे सगळं पैसे टाकून निभावता येईल. निभणार नाही ती गोष्ट वेगळीच. हे कुंपण फक्त पट्टा घातलेल्या कुत्र्याला अडवतं. बाहेरून आत येणाऱ्याला ते दिसत नाही, ऐकू येत नाही, लागत नाही. माझ्या गल्लीत बाहेरून येणारं म्हणजे हरीण किंवा खार. मळ्यावर रात्री चार भटकी कुत्री एकदम येतील तेव्हा दादाची कुत्री हद्दीच्या आत कोंडलेली असेल आणि ती चार मोकळी. बिबट्याचं तर बोलायलाच नको. उसातल्या बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं जेवण दुसरं नाही. मळ्याऐवजी शहरात, आर. के. नगरात बंगला असता तरी मी हेच सांगितलं असतं: घरापुरतं चार-पाच फुटी कंपाउंड बांध, वर जाळी लाव आणि गेटखाली फट ठेवू नको. साखळीचा विचार डोक्यातून काढ. कुत्र्याला सदानकदा बांधून ठेवून फिरवायला न नेणं हा आपल्याच १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू फॉरेनला जाऊन गवंड्याचीच बाजू घेतलीस की!"

घेतली. कारण माझी तार चालते ती किटच्या जोरावर नाही. आजूबाजूला एकही बेवारस कुत्रं नाही म्हणून ती चालते. प्रत्येक कुत्र्याला मालक आहे, गळ्यात बिल्ला आहे, रेबीजची लस कायद्याने सक्तीची आहे. कुत्रं मोकळं फिरताना सापडलं तर काउंटीची गाडी उचलून नेते आणि मालकाला दंड भरून सोडवावं लागतं. कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज अमेरिकेतून संपल्याचं सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २००७ साली जाहीर केलं. वटवाघळं, रॅकून यांच्यात तो अजून आहे, म्हणूनच लस सुटलेली नाही.

काकांना मी एवढंच सांगतो की या शिस्तीला एक मागची खोली आहे. इथल्या निवाऱ्यांत दरवर्षी काही लाख कुत्र्या-मांजरांना इंजेक्शन देऊन मारतात. मोती त्यातून वाचलेला. 'तिकडच्यासारखं करा' म्हणताना ती खोलीही मागून घ्यावी लागेल, आणि ज्या जिल्ह्यात नांदणीच्या मठातून गुजरातला नेलेल्या माधुरी हत्तिणीसाठी हजारो माणसं चालत कलेक्टर ऑफिसवर आली, तिथे ते पचेल असं मला वाटत नाही. आत्यालाही सांगतो: भाकरी घालणं सोपं आहे. त्याच कुत्रीला धरून नसबंदीला नेणं, तिला लस टोचून आणणं यात कुणी दिसत नाही. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा भारतातला आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पोरं बरीच.

दोघांच्याही भांडणात जो कधीच येत नाही तो पाळीव कुत्र्याचा मालक. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियमांतच लिहिलेलं होतं की पाळीव कुत्र्याची नसबंदी, लस आणि परवाना ही मालकाची जबाबदारी. न्यायालयातला वाद रस्त्यावरच्या कुत्र्यांचा, पण रस्त्यावर ती येतात कुठून? हौसेने आणलेल्या कुत्रीला पिल्लं झाली की ती पोत्यात घालून बाजाराजवळ नाहीतर नदीकाठी सोडतात. थोरलं कुत्रं म्हातारं झालं की गाडीत घालून हायवेला. नर असेल तर रात्री गेट उघडून मोकळा, सकाळी परत येतोच म्हणून. त्या रात्रीचा हिशेब दोन महिन्यांनी गल्लीत दिसतो.

पाळीव कुत्र्याची महापालिकेत नोंद, पट्ट्यावर मालकाचा नंबर, आणि मोकळं सोडलेलं सापडलं तर दंड. याला ना निवारा बांधावा लागतो ना परदेशी तार पुरावी लागते, एक माणूस आणि एक पावतीपुस्तक पुरतं. पण हे मी ग्रुपवर लिहिलं की आत्या आणि काका पहिल्यांदाच एका बाजूला येतात. काकांचा लॅब्रॅडोर रोज सकाळी सहाला एकटाच बाहेर सोडलेला असतो, शेजाऱ्यांच्या गेटापुढे बसायला, आणि आत्याच्या मते तो "आपला आहे, तो कुणाला काय करत नाही."