कापू, सोवळे आणि तपोवनातली झाडे

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात नाशिकच्या तपोवनातली झाडे सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तोडावीत की राखावीत, यावरून आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे रण माजले, ते मी हवाईतल्या होनोलुलूत बसून वाचत होतो. प्रश्न सुमारे १,८०० झाडांचा होता. साधूंची वस्ती पूर्वापार तपोवनातच पडते, बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या पर्वणीला अडवणारे हे वृक्षप्रेमी एरवी कुठे असतात, असे एका बाजूचे म्हणणे होते. तर ज्या जागेच्या नावातच वन आहे तिथले वन काढून तिथे तप कसले करणार, असे दुसऱ्या बाजूचे. मी मध्ये काही लिहू पाहिले, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी देश सोडून गेलेल्याने गोदावरीबद्दल बोलू नये, अशी सूचना मला मिळाली. ती अगदीच गैर नव्हती, म्हणून गटावर मी गप्प राहिलो. जे म्हणायचे होते ते इथे लिहितो आहे.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आई माझ्याकडे आली होती आणि मी तिला वायमेआच्या खोऱ्यात घेऊन गेलो होतो. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, हिवाळ्यातल्या अक्राळविक्राळ लाटांसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या वायमेआच्या उपसागरासमोरच हे खोरे उघडते. त्याचे क्षेत्र १,८७५ एकर आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंतचा जमिनीचा एक सलग पट्टा म्हणजे 'अहुपुआआ', असा हवाईतल्या जुन्या जमीनव्यवस्थेचा हिशोब होता: वर जंगल, मध्ये शेती, खाली मासळी, आणि या सर्वांना जोडणारा एक ओढा. हा पूर्ण पट्टा एकाच व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली असे. डोंगर एका खात्याकडे, नदी दुसऱ्याकडे आणि घाट तिसऱ्याकडे, अशी वाटणी तिथे संभवतच नव्हती. वायमेआचा पट्टा मात्र इतरांहून वेगळा होता, कारण परंपरेप्रमाणे इ.स. १०९० च्या सुमारास तो पुरोहितांच्या घराण्याला दिला गेला आणि पुढे शतकानुशतके 'काहुना नुई', म्हणजे मुख्य पुरोहित, यांच्याकडेच राहिला. कॅप्टन कुक मारला गेल्यानंतर पंधरवड्याच्या आत, फेब्रुवारी १७७९ मध्ये, त्याची जहाजे गोडे पाणी शोधत याच उपसागरात आली होती, तेव्हा हे खोरे माणसांनी आणि शेतीने भरलेले होते.

आईला हा इतिहास सांगायची माझी तयारी चालू होती, पण तिचे लक्ष वाटेच्या कडेला होते. "अरे, हा तर आपला अळू!" ती म्हणाली, आणि तो अळूच होता. हवाईकर त्याला 'कालो' म्हणतात, आणि त्यांच्या उत्पत्तिकथेत आकाशपुरुष वाकेआचे पहिले मूल मृत जन्मते, त्याला पुरतात, तिथून अळू उगवतो. त्यानंतर जन्मलेले दुसरे मूल म्हणजे माणूस, हालोआ. तेव्हा अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्याने धाकट्याला पोसायचे आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखायची, एवढाच त्यांचा नातेसंबंध, आणि त्यांच्या शेतीचे सारे शास्त्र यातच येते. फदफदे करताना मी अळूकडे या नजरेने कधी पाहिले नव्हते, हे कबूल करतो. पुढे नारळ, केळ, ऊस, आणि मग हळद दिसली. ही सगळी रोपे पॉलिनेशियातून आलेल्या पहिल्या दर्यावर्दींनी होड्यांमधून आणली. हळदीला इथे 'ओलेना' म्हणतात, आणि समुद्राच्या पाण्यात ती मिसळून शुद्धीसाठी शिंपडण्याची चाल आहे. हळद शुद्ध करते हे आईला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तळ्याच्या काठी कपाळावर लालभडक ठिपका असलेली एक पाणकोंबडी चालत होती. गंगापूर धरणाच्या बाजूला दिसणाऱ्या पाणकोंबडीची ही जवळची बहीण. इथे तिचे नाव 'आलाए उला', आणि आता ती ओआहू आणि काउआई या दोनच बेटांवर उरली आहे. अग्नी पेटवण्याची विद्या या पक्ष्यांनी माणसांपासून लपवून ठेवली होती, ती काढून घेताना माउई या वीराने चिडून तिच्या कपाळावर जळके लाकूड घासले, म्हणून ते लाल, अशी कथा सांगतात.

प्रवेशद्वाराजवळ दगडी चौथऱ्याचे आणि गवताने शाकारलेल्या झोपड्यांचे मंदिर आहे, त्याचे नाव 'हाले ओ लोनो'. लोनो हा पावसाचा, पिकांचा आणि शांततेचा देव. त्याचा 'माकाहिकी' हा काळ चार महिन्यांचा असतो, त्या काळात युद्ध वर्ज्य, आणि त्याची सुरुवात सूर्यास्ताच्या वेळी पूर्वेला 'माकालिई' हा तारकापुंज उगवण्यावरून ठरते. माकालिई म्हणजे आपल्या कृत्तिका. ज्या नक्षत्रावरून आपल्या कार्तिकाला नाव मिळाले, तेच नक्षत्र त्याच दिवसांत या बेटांवर शस्त्रे खाली ठेवायला सांगत असे. आई नाशिकला परतली तेव्हा कार्तिक नुकताच संपला होता. गटावर मात्र शस्त्रे पाजळलेलीच होती.

ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे ती म्हणजे 'कापू'. हा शब्द सोवळ्याच्या इतका जवळ जातो, की मराठी वाचकाला तो पटकन कळतो आणि म्हणूनच अर्धवट कळण्याचा धोका असतो. कापूचे दोन चेहरे होते. एक माणसांवर रोखलेला: स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचे नाही, डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खायची नाहीत, सरदारावर सावली पडू द्यायची नाही, आणि नियम मोडला तर देहान्त. दुसरा चेहरा हातावर रोखलेला, म्हणजे कुऱ्हाड धरणाऱ्या किंवा जाळे टाकणाऱ्या हातावर: अमुक मासा अमुक महिन्यांत मारायचा नाही, अमुक झाड तोडायचे नाही. दोन्हींना नाव एकच आणि दोन्हींमागे देवही तेच.

मे १८१९ मध्ये राजा कामेहामेहा वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची विधवा काआहुमानू आणि राणी केओपुओलानी यांच्या आग्रहाने नवा राजा लिहोलिहो बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला, आणि कापू मोडला. मिशनरी अजून बेटावर उतरायचे होते. ते १८२० मध्ये आले. म्हणजे ही मोडतोड बाहेरच्यांनी केली नाही. मुख्य पुरोहित हेवाहेवा याने स्वतः मंदिरांना आणि मूर्तींना आग लावण्यात पुढाकार घेतला. हाच हेवाहेवा पुढे वायमेआच्या खोऱ्यात राहिला, १८३७ मध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला. आपल्याच गादीचा पाया उपटणारा असा पुरोहित इतिहासात फार सापडत नाही. स्त्रियांना पंगत मिळाली, हे चांगलेच झाले, आणि त्यात मला तसूभरही शंका नाही.

पण त्या आगीत दुसरा चेहराही जळाला. चीनच्या बाजारात हवाईच्या चंदनाला मोठी मागणी होती. कामेहामेहाने तो व्यापार आपल्या हाती ठेवला होता आणि कोवळी झाडे तोडण्यावर कापू घातला होता. तो गेल्यावर सरदार मोकळे सुटले. अमेरिकन व्यापाऱ्यांकडून उधारीवर जहाजे आणि रेशीम घ्यायचे आणि चंदनाने फेडायचे, अशी कर्जे वाढत गेली. १८२६ मध्ये तर प्रत्येक पुरुषाने अर्धा पिकुल, म्हणजे सुमारे ३० किलो चंदन कर म्हणून आणून द्यावे किंवा त्याबदली चार डॉलर भरावेत, असा कायदा झाला. माणसे अळूची खाचरे ओस टाकून डोंगरात गेली. दहा-बारा वर्षांत डोंगर चंदनाचा उरला नाही. ज्या पिढीने अन्यायाचा कापू मोडला, तिच्याच डोळ्यांदेखत हे घडले, आणि ते थांबवायला ज्याच्यापुढे कुणाचीही मान तुकली असती असे काहीच उरले नव्हते.

त्यानंतरच्या शतकाची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती सगळीकडे सारखीच असते. १८४८ मध्ये जमिनीची वाटणी होऊन ती खासगी मालकीची झाली. हेवाहेवाच्या नातीच्या वाट्याला खोऱ्याचा काही भाग आला आणि पुढे तो गहाण पडला. १८९४ च्या पुराने घरे आणि खाचरे वाहून नेली. मग गुरे, मग कंपन्या, आणि अखेर विसाव्या शतकात मौजेचे उद्यान. एका गुंतवणूकदाराच्या दिवाळखोरीनंतर त्याचे आणि नगरपालिकेचे प्रकरण न्यायालयात असताना खोरे वाटून घेण्याची तडजोड पुढे आली, तेव्हा २००५ च्या अखेरीस लोकांनी नगरपालिकेला ती फेटाळायला लावली. २००६ मध्ये नगरपालिका, राज्य, एक निसर्गसंस्था आणि हवाईयन वंशीयांसाठी १९७८ च्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेले कार्यालय यांनी मिळून १ कोटी ४० लाख डॉलरना पूर्ण खोरे घेतले. त्यात अमेरिकी लष्कराचाही वाटा होता, ही गंमत हवाईकर थोडे कडवट हसून सांगतात. जमिनीचा दाखला आता त्या कार्यालयाच्या नावावर आहे.

आजचे वायमेआ आदर्श आहे असे मला म्हणायचे नाही. प्रवेशाला तिकीट आहे, आणि रहिवाशांना सवलत असली तरी ते स्वस्त नाही. लग्नाचे मांडव पडतात, आणि निम्मे पर्यटक धबधब्याखाली पोहून मंदिराकडे न पाहता परत जातात. तरीही कुऱ्हाडीवरचा कापू तिथे परत आला आहे आणि पंगतीवरचा आलेला नाही. कोणीही आत यावे. आत आल्यावर काय करायचे नाही, ते ठरलेले आहे. काउआई बेटावरच्या हाएना उद्यानात तर २०१८ च्या अतिवृष्टीने रस्ता बंद पडला, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या मंडळाने राज्याबरोबर बसून दिवसाला ९०० बाहेरच्या पाहुण्यांची मर्यादा घातली आणि २०१९ मध्ये ते उद्यान त्याच अटीवर उघडले. आधी तिथे रोज त्याच्या दुपटी-तिपटीने माणसे येत.

आता नाशिककडे वळतो. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो माणसांवर रोखलेले सोवळे मोडण्यासाठी, आणि ते मोडायलाच हवे होते. पण त्या लढ्याने कमावलेला 'देवाच्या दारी सर्वांना मुक्तद्वार' हा शब्दप्रयोग आज आमच्याकडे कोणत्या कामी येतो, ते पाहावे. गर्दीवर मर्यादा घाला म्हटले की भाविकांना अडवता का. डोंगरावर रस्ता किंवा रोपवे नको म्हटले की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दर्शन घ्यायचे नाही का. झाडे राखा म्हटले की साधूंना जागा नाकारता का. माणसाला अडवणे आणि माणसाच्या हाताला अडवणे यांतला फरक आम्ही पुसून टाकला आहे. उलट बाजूचे लोकही निर्दोष नाहीत. देवराया वाचवा म्हणणारे, सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल दाखवून दिले याचा हवाला देतात, आणि तो रास्त आहे. पण काडीही न उचलण्याचा नियम पाळणाऱ्या अनेक देवरायांत बायकांना मज्जाव असतो, ते मात्र 'स्थानिक श्रद्धा' म्हणून सोडून देतात. हेवाहेवाने दोन्ही एकत्र जाळले. आम्ही माणसांवरचे सोवळे अर्धवट जाळले आहे आणि हातावरचे मात्र पुरते.

गटावरच्या माझ्या मित्राची हरकत मला ठाऊक आहे: कुठे ते तिकिटाचे खोरे आणि कुठे लाखोंचा कुंभ! हरकत खरी आहे, आणि त्याहून मोठा फरक मीच सांगतो. हवाईयन लोक आपल्याच भूमीत अल्पसंख्य झालेले आहेत. त्यांनी घातलेली मर्यादा मुख्यतः बाहेरच्यांसाठी असते, आणि दुसऱ्याला नाही म्हणताना आपल्याला फारसे काही सोडावे लागत नाही. नाशकात अडवणारा आणि अडणारा एकच आहे. संख्या त्याची, सत्ता त्याची, देवही त्याचाच. त्यामुळे मंडप किती, गाळे किती, डांबर कुठवर, साधुग्राम एका जागी की चार जागी विभागून, हे सगळे त्याला स्वतःलाच सांगावे लागेल, आणि हे वायमेआपेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून मी तिकीट सुचवत नाही आणि आकडाही सुचवत नाही. साधूंना तपोवनात यायचा हक्क आहे, याबद्दल कुणाचा वाद असल्याचे मला दिसले नाही. वाद आहे तो त्यांच्या नावाने करवत चालवण्याच्या हक्काबद्दल, आणि हे दोन हक्क वेगवेगळ्या कागदांवर लिहिले तर निदान भांडण तरी नीट होईल.

खोऱ्याच्या टोकाला, पाऊण मैलावर, साधारण ४५ फुटांवरून पडणारा धबधबा आणि त्याखाली डोह आहे. त्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसाने पाणी गढूळ झाले होते आणि राखणदाराने डोहात उतरायला बंदी केली होती. आईला डोहात नुसते पाय बुडवायचे होते. तिने खुणेने विचारले, त्याने हसून मान हलवली, मग तिने काठावरूनच हात जोडले. परतताना बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "रामकुंडावर मला कुणी असं अडवलं असतं तर मी ऐकलं असतं का रे?" मी उत्तर शोधत होतो, तोवर तीच म्हणाली, "नसतं ऐकलं. पण दोन-चारदा अडवलं असतं तर ऐकलं असतं."