हातभर उंचीची भुतं आणि लुईसच्या दोन वह्या

२५ ऑगस्ट १८०४. मिसुरी नदीच्या काठी नाव बांधून लुईस आणि क्लार्क, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम मुलूख धुंडाळायला निघालेल्या सरकारी मोहिमेचे दोन प्रमुख, काही माणसांना घेऊन एका टेकडीकडे चालत निघाले. आज ही टेकडी साउथ डकोटा राज्यात येते. आसपासच्या सगळ्या जमातींचं एकच सांगणं होतं, तिकडे फिरकू नका. टेकडीवर हातभर उंचीची, भल्या मोठ्या डोक्यांची भुतं राहतात आणि जवळ येईल त्याला अणकुचीदार बाणांनी मारतात. (क्लार्कने उंची अठरा इंच लिहिली आहे, म्हणजे आपला बरोबर एक हात.) ऊन इतकं होतं की लुईसच्या सीमन नावाच्या कुत्र्याला अर्ध्या वाटेतून ओढ्याकडे परत पाठवावं लागलं. माथ्यावर पोचले तर काय, पक्ष्यांचे थवेच्या थवे! वाऱ्याने टेकडीच्या आडोशाला किडे गोळा होत होते आणि ते टिपायला पक्षी येत होते. या थव्यांवरूनच लोक म्हणायचे की इथे काहीतरी वेगळं राहतं. खाली नजर जाईल तिथवर बायसनचे, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांचे, कळप.

हा प्रसंग खुद्द क्लार्कच्या रोजनिशीतला आहे. पण मी तो शोधून वाचला एका कॉमिकमुळे, आणि आज त्या कॉमिकबद्दलच सांगायचंय. बऱ्याच दिवसांनी मनापासून लिहितेय, पोस्ट लांबेल, वेळ काढून वाचा.

गेल्या वर्षी दादाकडे सेंट लुईसला गेले होते. तिथल्या नदीकाठची ती प्रसिद्ध कमान तुम्ही फोटोत पाहिली असेल. स्टेनलेस स्टीलची, ६३० फूट उंच, १९६५ साली पूर्ण झालेली. पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचं स्मारक म्हणून उभारलेली. तिच्या पायथ्याशी बसलो होतो तेव्हा भाच्याने पाठीवरच्या सॅकमधून एक जाडसर पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "आत्या, हे इथेच बसून वाच. नंतर नको." मी उघडलं. थोड्याच पानांत नदीकाठी उभी असलेली एक प्रचंड कमान दिसली, तशीच, त्याच आकाराची, पण पानाफुलांची, वेलींनी विणलेली, आणि खाली उभी असलेली माणसं मुंगीएवढी. मी मान वर केली तर डोक्यावर स्टीलची कमान. अंगावर काटा आला. खरंच आला.

तर कॉमिकचं नाव 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'. लेखक ख्रिस डिंजेस, चित्रं मॅथ्यू रॉबर्ट्सची, रंग ओवेन गीनीचे. इमेज कॉमिक्सने २०१३ ते २०२२ या काळात ४८ अंकांत पूर्ण केलं. सहा-सहा अंकांचा एक खंड मिळतो.

गोष्टीची कल्पना एका वाक्यात मावते. अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन हे लुईस आणि क्लार्कला पश्चिमेकडे पाठवतात ते जगाला दाखवायला नकाशे काढण्यासाठी आणि आतून त्या मुलखातले राक्षस शोधून संपवण्यासाठी, म्हणजे मागून येणाऱ्या वस्तीला जागा मोकळी होईल. लुईस दोन वह्या लिहितो. एक सरकारदरबारी दाखवायची, दुसरी खरी. अर्धे माणूस अर्धे बायसन असे प्राणी, माणसाच्या अंगात शिरून त्याला हिरवं करून टाकणारी वनस्पती, नदीच्या तळाशी दबा धरून बसलेला अजस्र बेडूक, असं एकेक पुढे येत जातं.

ऐकायला हे चटकदार वाटतं आणि आहेही. पण मला यातली दोन वह्यांची गोष्ट सोडवेना, कारण ती फक्त कल्पना नाही. जेफरसनने १८ जानेवारी १८०३ रोजी अमेरिकन काँग्रेसला खरोखरच एक गुप्त संदेश पाठवला होता. या मोहिमेसाठी फक्त २५०० डॉलर मागितले होते, आणि तो मुलूख तेव्हा अमेरिकेचा नव्हताच, म्हणून दाखवायचं कारण वेगळं आणि मनातला हेतू वेगळा. पुढे त्याच वर्षी दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून तो प्रदेश विकत घेतला गेला. केवढा? आपले सुमारे सात महाराष्ट्र बसतील एवढा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुणालाही न विचारता.

आणि राक्षसांचं म्हणाल तर स्वतः जेफरसनच्या डोक्यात ते होते. १७९७ साली त्याने फिलाडेल्फियाच्या तत्त्वज्ञान मंडळासमोर एका प्रचंड नख्यांच्या प्राण्याबद्दल निबंध मांडला. व्हर्जिनियातल्या एका गुहेत त्याची हाडं सापडली होती. आधी जेफरसनला वाटलं हा सिंहाच्या जातीचा, पण सिंहापेक्षा कितीतरी मोठा प्राणी असावा. प्रत्यक्षात ती एका नामशेष झालेल्या महाकाय स्लॉथची (आज झाडाला उलटा लटकणारा तो संथ प्राणी, त्याच्या जातीतला) हाडं होती. सृष्टीतली कुठलीही जात पुरती नष्ट होत नाही असा त्या काळी अनेकांचा विश्वास होता, जेफरसनचाही. म्हणजे हा प्राणी, मॅमथ, सगळे अजून तिकडे पश्चिमेला कुठेतरी फिरत असतील. लुईसला दिलेल्या लेखी सूचनांत त्याने दुर्मीळ किंवा नामशेष मानल्या जाणाऱ्या प्राण्यांची माहिती मिळवायला सांगितलं आहे. त्याच सूचनांत रोजनिशीच्या प्रती काढून ठेवा आणि एक प्रत भूर्जाच्या सालीवर लिहा, ती ओलीने लवकर खराब होत नाही, असंही आहे. एवढी काळजी त्या कागदांची!

म्हणून मी म्हणते, या लेखकाने इतिहासाला राक्षसांचं ठिगळ लावलेलं नाही. त्या रोजनिश्यांमध्ये राक्षसांसाठी जागा आधीच ठेवलेली होती, त्याने ती फक्त भरली. ग्रिझली अस्वलाचंच बघा. आधी त्याच्या गोष्टी ऐकून शिकारी हसत होते. मग १४ मे १८०५ ला सहा जण मिळून एका अस्वलावर गेले, गोळ्यांमागून गोळ्या बसल्या तरी ते मरेना, उलट त्यानेच माणसांना पळवलं, दोघांनी वीस फूट उंच काठावरून नदीत उड्या टाकल्या तर मागोमाग त्यानेही उडी घेतली. मेल्यावर मोजल्या तर अंगात आठ गोळ्या. डासांबद्दल लुईसने लिहिलंय की माझा कुत्रासुद्धा त्यांच्या त्रासाने रडतो. कॉमिकच्या दुसऱ्या खंडात राक्षसी डास येतात तेव्हा मला त्या बिचाऱ्या सीमनची आठवण झाली.

आता सकागाविया. याच बाईसाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली असं म्हटलं तरी चालेल.

शोशोनी जमातीची ही मुलगी साधारण बाराव्या वर्षी पळवून नेली गेली, पुढे शार्बोनो नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याची बायको झाली. ११ फेब्रुवारी १८०५ ला तिला मुलगा झाला. पहिलंच बाळंतपण, कळा फार. कुणीतरी सांगितल्यावरून लुईसने खुळखुळ्या सापाच्या शेपटीच्या दोन कड्या चुरून पाण्यातून दिल्या आणि दहा मिनिटांत ती मोकळी झाली, असं त्याने लिहून ठेवलंय. दोन महिन्यांच्या आत बाळ पाठीला बांधून ती मोहिमेबरोबर निघाली. आणि तो १४ मे, अस्वलाचाच दिवस. नेमकी त्याच दिवशी एक होडी वाऱ्याने कलंडली. सुकाणूवर तिचा नवरा. तो घाबरून देवाचा धावा करत बसला आणि ही बाई पाण्यात तरंगणारी एकेक वस्तू हात लांबवून गोळा करत राहिली. त्या होडीत मोहिमेची उपकरणं, औषधं, आणि कागदपत्रं होती. भूर्जपत्राच्या गोष्टी करणाऱ्या जेफरसनचे ते कागद शेवटी हिच्या हातांनी वाचवले. मोहीम संपल्यावर नवऱ्याला ५०० डॉलरच्या वर मिळाले. शिपायांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन. तिला काहीही नाही. क्लार्कचा गुलाम यॉर्क पूर्ण वाट त्यांच्याबरोबर चालला, त्यालाही काही नाही, स्वातंत्र्यसुद्धा नाही.

कॉमिकमध्ये सकागाविया इतिहासापेक्षा बरीच आधी येते, आणि येते ती लढवय्यी म्हणून. ला शारेट नावाच्या वस्तीत (ही वस्ती खरी, तेव्हाची मिसुरीकाठची शेवटची गोरी वसाहत, सातेक घरांची) सगळे अडकलेले असताना ती ज्या तऱ्हेने त्या हिरव्या झालेल्या माणसांमधून वाट काढते ती पानं मी पुन्हा पुन्हा पाहिली. चेहऱ्यावर एक रेष हलत नाही. डिंजेसने तिला बोलायला फार थोडं दिलंय आणि रॉबर्ट्सने डोळे मात्र सतत जागे ठेवलेत. तिची मूळ कहाणी माहीत असेल तर ते गप्प राहणं वाचताना जड जातं.

इथेच माझी एक तक्रारही आहे. सकागाविया सोडली तर त्या भूमीतल्या मूळ लोकांपैकी दुसरं कुणी तेवढ्या ताकदीने उभं राहत नाही. ज्यांचा मुलूख, ज्यांच्या गोष्टींतली भुतं, त्यांना आणखी जागा हवी होती. तिसऱ्या खंडात बोलणाऱ्या चिमुकल्या जिवांची एक वस्ती येते. ती वाचताना मला ती हातभर उंचीची भुतं आठवली. त्या खंडाच्या शेवटी मोहिमेतले लोक जे करतात ते वाचून मी पुस्तक मिटून दोन दिवस बाजूला ठेवलं. काय करतात ते सांगणार नाही. पण दाखवायच्या वहीत त्या दिवसाबद्दल काय लिहिलं जाईल, एवढाच विचार मनात राहिला.

शीर्षकाचे शब्द मुळात १८४५ चे. उत्तर अमेरिकेचा सगळा भूभाग पादाक्रांत करणं हे आमचं विधिलिखितच आहे, असं सांगायला अमेरिकेत ते वापरले गेले. म्हणजे मोहीम आधी आणि तिचं समर्थन चाळीस वर्षांनी.

हे कॉमिक लहान मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. रक्तपात भरपूर आहे, माणसं वाईट रीतीने मरतात, शिव्या आहेत. खऱ्या मोहिमेत एकच माणूस दगावला, सार्जंट फ्लॉइड, तोही बहुधा अपेंडिक्सने. इथे तसं नाही. शिपायांबरोबर शिक्षा झालेले कैदीही घेतलेत, आणि ते का घेतलेत हे कळतं तेव्हा लुईस-क्लार्कबद्दलचा आदर बराच उतरतो. मधल्या खंडांत गोष्ट थोडी रेंगाळते, पाचव्यात धुकं येतं तिथे पुन्हा पकड घेते. इंग्रजी सोपं आहे, संवाद छोटे आहेत.

वेताळाची कॉमिक्स मराठीत वाचत वाढलेली आपली पिढी. एवढी सवय असताना चाळिशीनंतर 'आता काय कॉमिक वाचायचं' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझा आग्रह आहे, पहिला खंड वाचा, तोही सकागाविया येईपर्यंत तरी.

माझ्याकडे पहिले तीन खंड आहेत. पुण्यात असाल तर घरी येऊन घेऊन जा, परत करताना पानं दुमडू नका एवढंच. भाचा या उन्हाळ्यात त्या टेकडीवर जाणार आहे, गाडीने. मी त्याला सांगितलंय, पक्षी दिसले तर फोटो पाठव.