एक मेगाचा पॉट आणि 'चालतंय की'

रविवारी संध्याकाळी मी स्वतःच बांधत असलेल्या ट्यूब अ‍ॅम्पच्या बेसचा नॉब शून्यावरून दोनवर नेला आणि तेवढ्यातच सगळा खर्ज येऊन संपला; पुढे दहापर्यंत नॉब फिरवत राहिलो, पण आवाजात काडीचाही फरक पडेना. नॉबखालचा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त होणारा रेझिस्टर, काढून उलटा केला, तर पाठीवर ठसठशीत 'बी1एम' छापलेले! बी म्हणजे लिनिअर, सारख्या वेगाने वाढणारा; मला हवा होता ए, म्हणजे लॉग, सुरुवातीला हळू वाढणारा. सांगलीतल्या दुकानात मी चिठ्ठीवर 'ए1एम, लॉग' असे लिहून, खाली दोन रेघा ओढून दिले होते. पुडीवर पेनाने 'ए' लिहिलेले पाहून मी भाबडेपणाने पॉट न तपासता बसवला, हे मान्य आहे. पण पुडीवर ए लिहून आत बी घालणाऱ्याला काय म्हणावे?

सोमवारी दुकानात गेलो, तर मालकांनी पॉट हातात घेऊन शर्टाला पुसला, दोनदा फिरवला आणि समाधानाने म्हणाले, "गुळगुळीत फिरतोय की सायेब. एक मेगा म्हंजे एक मेगा, चालतंय की!" नाही चालत! दोन्ही टोकांमध्ये मीटर लावला तर ए आणि बी दोघेही एक मेगाच (दहा लाख ओहम) दाखवतात, पण लिनिअर पॉट दहा टक्के फिरवला की तिथेच एक लाख ओहम होतात आणि या सर्किटमधल्या बेसचा बहुतेक खेळ तेवढ्यातच आटोपतो. गंमत म्हणजे मिडसाठी, म्हणजे मधल्या सुरांसाठी, मला 25 केचा (25 हजार ओहमचा) लिनिअर पॉट हवा होता. तिथे मात्र त्यांनी न चुकता लॉग दिला. शेजारच्या मिरजेत सतार करणारे भोपळासुद्धा पारखून घेतात, आणि इथे ए आणि बी ही दोन अक्षरे पाहायला कुणाला सवड नाही.

गेल्या महिन्यात याच दुकानातून 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. त्यावरचा '223' हा मूल्याचा आकडा बरोबर होता, पण तो पन्नास व्होल्टचा निघाला. मी बांधतोय त्या, फेंडर बेसमन या जुन्या मॉडेलच्या 5एफ6-ए सर्किटमध्ये टोनच्या तिन्ही कपॅसिटरवर दीडशेहून अधिक डीसी व्होल्ट बसतात, म्हणून मी 630 व्होल्टचाच मागितला होता. त्यावर "तेवढा मोठा कशाला, जागा खातोय" हे उत्तर. मी काही आडमुठा नाही: ट्रेबलचा 250 पिकोफॅरडचा मिळाला नाही तर 220 किंवा 270 चालतो, हे मीच सांगतो. पण तडजोड कुठे करायची ते अ‍ॅम्प बांधणाऱ्याला ठरवू द्या.

आणि दुसऱ्या टोकाला ते नारिंगी कपॅसिटरचे भक्त! त्यांच्यापुढे किंमत, टेपर (पॉट लॉग की लिनिअर), स्लोप रेझिस्टर यांतले काहीही काढा, शेवटी 'आवाजाला ऊब येते' यावरच गाडी थांबते. ऊब हवी असेल तर ट्यूबवर हात ठेवावा. सर्किटमधला हा 56 केचा स्लोप रेझिस्टर बदलून 33 केचा केला तर मिडचा खड्डा किती भरतो, हे एकालाही ऐकून पाहायचे नसते.

हे सगळे तावातावाने पुटपुटत, प्लग काढून, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करून मी नवा पॉट बसवायला घेतला आणि सहज म्हणून त्याच स्लोप रेझिस्टरची एक बाजू सोडवून मीटर लावला. 5.6 के! हिरवा, निळा आणि तिसरा पट्टा नारिंगी नव्हे, लाल. हा रेझिस्टर दुकानदाराने दिलेला नव्हता. माझ्याच डब्यातून, माझ्याच हाताने, रात्री पिवळ्या दिव्याखाली मी निवडला होता. म्हणजे महिनाभर ज्या फुगलेल्या मिडबद्दल मी बिचाऱ्या कपॅसिटरला शिव्या घालत होतो, तो प्रताप माझाच होता.

डब्यात 56 केचा एकही नव्हता. मंगळवारी सकाळी पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि अगदी हळू आवाजात मागितला. मालकांनी खण उघडला, रेझिस्टर उजेडात धरला आणि म्हणाले, "नारिंगी पट्टा हाय बगा सायेब. नीट बघून घ्या."