जुना लॅपटॉप भंगारात काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ अशी शेपटी लावलेला एक मेसेज दिवाळीपासून सगळ्या ग्रुपवर फिरतोय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश: विंडोज १० बंद झालंय, त्यामुळे पाच वर्षांपेक्षा जुना लॅपटॉप सुरू ठेवलात तर बँकेचं खातं रिकामं होईल. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर झिजतो, म्हणून तो मंद होतो. त्यावर खर्च म्हणजे पैसे पाण्यात. तरीही वापरायचाच असेल तर बॅटरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि फुगली असेल तर सुईने बारीक भोक पाडून हवा काढून टाका. लिनक्सच्या (विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत प्रणालीच्या) नादी लागू नका, ते हॅकर लोकांचं असतं आणि त्यात मराठी चालत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे फॉरमॅट मारून भंगारात द्या, माहिती कायमची पुसली जाते.

मी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या आत्याकडे पोहोचला. आत्या निवृत्त शिक्षिका. तिचा लॅपटॉप दहा वर्षांचा, टचपॅडची एक कड वर उचलली गेलेली. तिने फोन केला तो विचारायला, की ‘अरे, सुई वाकतेय, दाभण चालेल का?’ दाभण तिने शोधून ठेवलं होतं. म्हणून सुरुवात बॅटरीपासूनच करतो. बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातात. ही चूक घर पेटवू शकते.

‘फुगलेल्या बॅटरीला भोक पाडून हवा काढा’

त्या पिशवीत हवा नसते. लॅपटॉपच्या चपट्या लिथियम-आयन बॅटरीत धातूच्या पातळ पत्र्यांचे थर एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांना वेगळं ठेवतो तो प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पापुद्रा. सगळं भिजलेलं असतं ते पेट घेणाऱ्या द्रावणात. बॅटरी म्हातारी झाली, उन्हाळ्यात तापत राहिली, वर्षानुवर्षं चार्जर लावूनच ठेवली, की हे द्रावण हळूहळू विघटित होतं आणि त्यातून वायू तयार होतात. ते वायू पिशवी फुगवतात. सुई किंवा दाभण आत शिरलं की पहिल्यांदा तो पापुद्रा फाटतो. धन आणि ऋण थर एकमेकांना चिकटतात, आतल्या आत शॉर्ट होतो, तापमान काही क्षणांत चढतं आणि त्या उष्णतेने शेजारचा सेलही पेटतो. ही साखळी एकदा सुरू झाली की घरातल्या माणसाच्या हाताने थांबत नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. विमानात पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकू देत नाहीत, ती केबिनमध्ये जवळच ठेवायला लावतात, त्यामागे हेच कारण आहे. आणि आमच्या ग्रुपवर कुणीतरी ‘सोपा घरगुती उपाय’ म्हणून साठीच्या पुढच्या बाईच्या हातात दाभण देतंय.

फुगलेली बॅटरी ओळखायची कशी? टचपॅड दाबला जात नाही किंवा वर आलेला असतो, कीबोर्डचा मधला भाग उंच दिसतो, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो, खालच्या पत्र्याची फट रुंदावते. यातलं काहीही दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, वर वजन ठेवू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की तिथे आग लागते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

नवी बॅटरी मिळत नसेल तरी लॅपटॉप बाद होत नाही. बरेचसे जुने लॅपटॉप बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालतात. वीज गेली की तो त्या क्षणी बंद पडेल, एवढी गैरसोय आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर तीही बरीचशी मिटते.

फ्रीजरचा सल्ला जुन्या काळातून आलाय. निकेलवर चालणाऱ्या बॅटऱ्या थंडीत ठेवल्या तर त्यांचा साठवलेला चार्ज कमी गळायचा, हे खरं आहे. पण साठवणीसाठी थंड जागा वेगळी आणि मेलेली बॅटरी जिवंत होणं वेगळं. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असतं. तिथून बाहेर काढलेल्या वस्तूवर दव धरतं, ते पाणी बॅटरीच्या सर्किटवर बसतं. आणि लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली असताना चार्जला लावली तर आत धातुरूप लिथियमचा थर जमून ती कायमची बिघडते. तेव्हा हाही उपाय बाद.

‘प्रोसेसर झिजतो, म्हणून लॅपटॉप मंद होतो’

प्रोसेसरमध्ये फिरणारा, घासला जाणारा भागच नसतो. दहा वर्षांपूर्वी जितक्या वेगाने तो गणितं करायचा तितक्याच वेगाने आजही करतो. मंद होण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं आणि ते शोधायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप रेंगाळत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात यादी दिसत नसेल तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. आत्याच्या लॅपटॉपवर मी तेच केलं. प्रोसेसरच्या रकान्यात पंधरा टक्केही काम नव्हतं. डिस्कचा रकाना लालभडक, शंभर टक्के. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून हार्ड डिस्ककडून फाइल येण्याची वाट पाहत होता.

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती फाइल तबकडीवर जिथे आहे तिथे वाचणारी सुई सरकवायची, मग तो भाग फिरून सुईखाली येईपर्यंत थांबायचं. अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरच्या आसपासच होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइल वाचल्या जातात, वर अपडेट आणि अँटिव्हायरस त्याच सुईला आपापल्या बाजूला ओढत असतात. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. जुन्या लॅपटॉपमध्ये बसणारी साधी एसएसडीसुद्धा अशी वाचनं सेकंदाला हजारोंनी करते.

म्हणून ‘जुन्या लॅपटॉपवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. एसएसडीला नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा भाग लागतो. मागचं झाकण उघडायचं, अडीच इंची हार्ड डिस्क काढायची, तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसवायची. गल्लीतला दुरुस्तीवाला हे तासाभरात करून देतो. आत्याचा लॅपटॉप आता तिचा चहा उकळायच्या आत कामाला तयार असतो. आधी सुरू करून ती पूजा आटपून यायची. रॅम चार जीबी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर आठ करून घ्या. घेण्यापूर्वी जुनी पट्टी काढून तिच्यावर रॅमचा प्रकार कोणता लिहिलाय, डीडीआर३, डीडीआर३एल की डीडीआर४, हे बघा. दुकानदाराला ‘लॅपटॉपची रॅम द्या’ एवढंच सांगून चालत नाही.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करावं लागेल. पंख्यात धूळ गच्च बसली आणि प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यावर उपाय पंखा साफ करून पेस्ट नव्याने लावणं. भंगारवाल्याला हाक मारणं नव्हे. शिवाय काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची साठवण आणि रॅम दोन्ही बोर्डवरच डकवलेली असतात. तिथे बदलायला वावच नसतो. अशा लॅपटॉपवर पैसे घालू नका, हे मीही सांगेन.

‘विंडोज १० बंद झालंय, खातं रिकामं होणार’

तारीख खरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. पण मायक्रोसॉफ्टनेच स्वतःच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की या तारखेनंतरही संगणक चालू राहतील, फक्त सुरक्षा अपडेट आणि तांत्रिक मदत मिळणार नाही. ज्या कंपनीला नवं विंडोज आणि नवे लॅपटॉप खपलेले हवेच आहेत, तीसुद्धा ‘लॅपटॉप फेका’ म्हणत नाही. उलट घरगुती वापरकर्त्यांसाठी तिने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ही सोय फुकट मिळते. नाहीतर ३० डॉलर भरून घेता येते. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. एज ब्राउझरला तर विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

याचा अर्थ काळजीच करू नका असा नाही. अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर नेटबँकिंग करू नये, हे माझंही मत आहे. पण खाती रिकामी होतात ती बहुतेक ओटीपी सांगितल्याने आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून स्क्रीन शेअर केल्याने. नवाकोरा लॅपटॉप घेऊनही ते थांबत नाही.

विंडोज ११ बसवायला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याआधीचा असेल तर विंडोज ११ वर अपग्रेड होत नाही, एवढं खरं आहे. अशा लॅपटॉपसाठीच खरं तर पुढचा मुद्दा.

‘लिनक्स हॅकर लोकांचं, त्यात मराठी चालत नाही’

केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतायत. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलंय. आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. एवढं पुरे.

मराठीचं म्हणाल तर भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडलं की युनिकोड मराठी टाइप होतं. लिनक्स मिंट हा त्यातला एक सोपा प्रकार. तो दोन जीबी रॅमवर चालू होतो, चार असली तर आरामात चालतो. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपमधल्या एकाही फाइलला हात न लावता. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, हे तिथेच तपासा आणि मग ठरवा. महाभूलेखवर सातबारा बघणं, डिजिलॉकर, व्हिडिओ कॉल, पत्रं लिहायला लिब्रेऑफिस, एवढं काम असणाऱ्या घराला विंडोज नसल्याचं फारसं जाणवत नाही.

पण टॅली, डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधले दस्तऐवज यांच्यासाठी सहसा विंडोजच लागतं, हे सांगितलंच पाहिजे. त्या कामांवर ज्यांचं पोट आहे त्यांनी लिनक्सच्या भानगडीत पडू नये.

‘फॉरमॅट मारला की माहिती पुसली जाते’

झटपट फॉरमॅटमध्ये फक्त फाइलींची यादी पुसली जाते, फाइली डिस्कवर तशाच राहतात. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या परत काढता येतात. आत्याच्या डिस्कवर पेन्शनची कागदपत्रं, पॅन आणि आधारचे स्कॅन, सगळ्या घराचे फोटो होते. ते असेच भंगारात गेले असते. लॅपटॉप खरोखरच टाकायचा असेल तर हार्ड डिस्क आधी काढून घ्या. काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवली की तिचीच बॅकअप डिस्क होते. डिस्कसकट द्यायचा असेल तर विंडोजच्या रिसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून पुढे ‘क्लीन डेटा’चा पर्यायही चालू करा. त्याला काही तास लागतात, लागू द्यावेत.

आणि भंगारवाला म्हणजे ई-कचऱ्याची विल्हेवाट नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही कुठेतरी उघड्यावर जाळला जातो, तांबं काढण्यासाठी. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते.

घरात कुणालाच नको असेल तर गावाकडच्या शाळेला द्या, पण द्यायच्या आधी एसएसडी आणि लिनक्स बसवून, चार्जर तपासून द्या. बंद पडलेली यंत्रं शाळेच्या गळ्यात मारू नका. तिथे इंटरनेट नीट येत नसेल तर किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यात मराठी विकिपीडिया उतरवून ठेवा. नेट नसतानाही मुलांना तो अख्खा वाचता येतो.