‘फोर-के ब्लू-रे पण चालतो’ म्हणे! किती चालतो ते आधी सांगा

दुकानात गेमचा कन्सोल दाखवताना विक्रेता एक वाक्य हमखास टाकतो: ‘यात फोर-के ब्लू-रे पण चालतो, वेगळा प्लेयर घ्यायची गरजच नाही.’ ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीची पुढची, जास्त जागेची चित्रपटाची डिस्क, आणि फोर-के म्हणजे तिचं सगळ्यात बारीक चित्राचं रूप. हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. चालतो म्हणजे काय? डिस्क आत जाते, चित्र दिसतं, आवाज येतो, इतकंच. त्या डिस्कवर जे भरलंय त्यातलं किती पडद्यापर्यंत पोचतं हे विक्रेता सांगत नाही आणि खोक्यावरही छापलेलं नसतं. पन्नास हजार मोजून झाल्यावर गिऱ्हाइकाने ते स्वतः शोधून काढायचं. ही चक्क फसवणूक आहे, आणि गेली वीस वर्षं ती वेगवेगळ्या रूपात चालू आहे.

आधी डॉल्बी व्हिजनचं, म्हणजे दृश्यागणिक उजेड-रंग सांगणाऱ्या चित्राच्या पद्धतीचं बघू. सोनीचा पीएस-५ घ्या नाहीतर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या, डिस्कवरून डॉल्बी व्हिजन दोन्ही देत नाहीत. डिस्कच्या कव्हरवर त्याचा लोगो असतो, टीव्हीच्या कोपऱ्यात तोच लोगो चिकटवलेला असतो, आणि मधलं यंत्र ते गिळून टाकतं. या डिस्कवर मूळ चित्र एचडीआर-१० मध्ये असतं (एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र). त्याच्या जोडीला डॉल्बी व्हिजनचा एक जादा थर आणि दृश्यागणिक सूचना असतात: या दृश्यात उजेड इतका, त्या दृश्यात तितका. कन्सोल फक्त मूळ चित्र वाचतो आणि बाकीचं सोडून देतो. मग टीव्हीच्या हातात अख्ख्या चित्रपटासाठी एकच ठरावीक आकडा उरतो, आणि त्यावरून प्रत्येक दृश्याचं काय करायचं हे टीव्ही अंदाजाने ठरवतो.

याचा फटका कुणाला बसतो? दोन-तीन लाखांचा टीव्ही असलेल्याला फार जाणवत नाही, कारण त्याच्या पडद्यात उजेडाची ताकद भरपूर असते. मार खातो तो चारशे-पाचशे निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) मध्यम टीव्ही घेणारा. चित्रपट १००० किंवा ४००० निट्सच्या हिशेबाने तयार केलेला, पडद्याची झेप फार तर त्याच्या निम्मी. मग आकाशातले ढग पांढरेफटक होतात, नाहीतर रात्रीच्या दृश्यात माणसाचा चेहरा काळोखात बुडतो. ज्याला डॉल्बी व्हिजनची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते मिळत नाही. यंत्रात तेवढी ताकद नाही म्हणावं, तर तेही खोटं. सिरीज एक्स स्ट्रीमिंगच्या ॲपमधून डॉल्बी व्हिजन देतो, गेममध्येही देतो. डिस्क घातली की देत नाही. कुणीतरी टेबलावर बसून ठरवलंय की डिस्क बघणाऱ्यासाठी एवढा खर्च करायचा नाही. सोनीचा स्वतःचा यूबीपी-एक्स-७०० हा साधा प्लेयर डॉल्बी व्हिजन देतो. त्यातही मेन्यूत जाऊन ते हाताने चालू करावं लागतं, पण निदान मिळतं तरी. पॅनासॉनिकचा यूबी-८२० देतो. मग त्याच सोनीच्या पीएस-५ ला काय धाड भरलीय?

आणि सोनीचं वागणं तर बघा. ब्लू-रे ज्या कंपन्यांनी जन्माला घातला त्यांत सोनी पुढे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एक्सबॉक्स वन एस आला, त्यात फोर-के डिस्क चालत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोनीने पीएस-४ प्रो आणला, फोर-के फोर-के म्हणून डांगोरा पिटला, आणि आत ड्राइव्ह घातला जुन्या साध्या ब्लू-रेचा. स्वतःच्याच फॉरमॅटची फोर-के डिस्क स्वतःच्या तेव्हाच्या सगळ्यात महाग कन्सोलमध्ये चालेना.

हेच लोक २००६ मध्ये काय सांगत होते ते आठवा. तेव्हा डिस्क हेच हत्यार होतं. पीएस-३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, कारण आत ब्लू-रे ड्राइव्ह होता. समोर मायक्रोसॉफ्टने तोशिबाच्या एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेच्या प्रतिस्पर्धी डिस्कचा हात धरला, पण अर्ध्या मनाने: १९९ डॉलरचा वेगळा डबा, यूएसबीने एक्सबॉक्स ३६० ला जोडायचा, आणि त्यात फक्त चित्रपट बघायचे. गेम शेवटपर्यंत जुन्या डीव्हीडीवरच राहिले. म्हणून काही गेम तीन-तीन, चार-चार डिस्कवर आले आणि खेळताखेळता उठून डिस्क बदलत बसावं लागलं. भरीत भर म्हणजे सुरुवातीच्या ३६० ला एचडीएमआयच नव्हतं. कंपोनंट केबलने जोडला तर एचडी डीव्हीडीचं चित्र १०८०-आय वर (अर्ध्या-अर्ध्या ओळींनी येणाऱ्या चित्रावर) अडकायचं, सगळ्या ओळी एकदम देणारं १०८०-पी हवं तर व्हीजीए केबल शोधा. हाय डेफिनिशनचं यंत्र विकायचं आणि हाय डेफिनिशनची केबल जोडायला जागा द्यायची नाही, याला काय म्हणायचं!

दोन्ही डिस्कचा लेझर एकाच जातीचा, ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा. फरक भिंगात आणि थरात. ब्लू-रेचं भिंग ०.८५ चं, एचडी डीव्हीडीचं ०.६५ चं (आकडा मोठा तितका ठिपका बारीक). ब्लू-रेचा किरण जास्त बारीक ठिपका पाडतो, म्हणून एका थरावर २५ जीबी मावतात आणि दोन थरांवर ५०. एचडी डीव्हीडीवर १५ आणि ३०. जागेत ब्लू-रे सरस होता, यात वाद नाही. पण एका बाबतीत एचडी डीव्हीडी आपल्यासारख्यांसाठी कितीतरी भली होती: तिला रीजन कोडच नव्हता. जगात कुठेही घ्या, कुठेही लावा. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली, १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले, आणि जिंकलेल्या फॉरमॅटबरोबर ए, बी, सी ही कुंपणं आपल्या गळ्यात पडली.

या रीजनच्या भानगडीत माणसं आजही फसतात. ब्लू-रेसाठी भारत सी मध्ये, अमेरिका ए मध्ये, ब्रिटन आणि युरोप बी मध्ये. डीव्हीडीसाठी भारताचा आकडा ५, अमेरिकेचा १. दुकानदार छातीठोक सांगतो, ‘कन्सोल रीजन फ्री आहे.’ हो, गेमसाठी. चित्रपटासाठी मुळीच नाही. पीएस-५ च्या कुठल्याही मेन्यूत शिरा, चित्रपटाचा रीजन बदलायची सोय नाही. अमेरिकेतल्या भावाने-बहिणीने येताना कन्सोल आणला तर तो ए चा. इथून घेतलेली फक्त सी ची डिस्क त्यात लागणार नाही. उलट तिकडून आणलेल्या फक्त ए च्या साध्या ब्लू-रे इथल्या कन्सोलमध्ये अडतील. फोर-के डिस्कला मात्र रीजन नसतो, ती कुठलीही कुठेही चालते. यातही एक मेख आहे. फोर-केच्या डब्यात बरेचदा दुसरी, साधी ब्लू-रे असते, आणि मुलाखती, चित्रीकरणाचे किस्से, सगळा जादा मजकूर तिच्यावर असतो. ती रीजनने बांधलेली असू शकते. म्हणून डब्याच्या मागची छोटी खूण बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तरच निर्धास्त व्हा.

आवाजाचं तर विचारूच नका. पीएस-५ लिनियर पीसीएमवर (म्हणजे कन्सोल स्वतः आवाज उलगडून पाठवतो त्या सेटिंगवर) असला तर ॲटमॉसची, म्हणजे छतावरूनही आवाज देणारी डिस्क घातल्यावर स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला फक्त ७.१, म्हणजे भोवतालच्या सात स्पीकरचा आणि एका वूफरचा आवाज मिळतो आणि छतावरच्या स्पीकरची सगळी माहिती वाटेतच गळते. माणूस छताला स्पीकर ठोकून घेतो, वायरी ओढतो, आणि वर्षभर त्यातून डिस्कचा खरा आवाज येतच नाही. इलाज असा: डिस्क चालू असताना ऑप्शन्सचं बटण दाबा, तीन ठिपक्यांवर जा, तिथल्या सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट ‘बिटस्ट्रीम’ करा, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा जातो. हे मुख्य सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाही, कारण ते डिस्क चालू असतानाच दिसतं. ही काय लपवून ठेवायची गोष्ट आहे? एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, मग डिव्हाइसेस अँड कनेक्शन्स, मग ब्लू-रे, आणि तिथे रिसीव्हरला आवाज उलगडू द्यायचा पर्याय चालू करायचा. त्याच एक्सबॉक्सवर टीव्हीच्या व्हिडिओ मोड्समध्ये ‘अलाउ २४ हर्ट्झ’वर खूण आहे का तेही बघा. नसेल तर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट ६० च्या मापात कोंबला जातो आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळत सरकतं. लोक टीव्हीला शिव्या देतात, बिचाऱ्या टीव्हीची त्यात काही चूक नसते.

कन्सोल टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडला असेल तर साधा एआरसी (टीव्हीतून साउंडबारला आवाज नेणारी एचडीएमआयची सोय) पुरत नाही, डॉल्बी ट्रूएचडी हा डिस्कवरचा दर्जेदार आवाज त्यातून जात नाही. दोन्हीकडे ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती हवी. पीएस-५ वर आणखी एक: एचडीआर ‘ऑन व्हेन सपोर्टेड’ वर ठेवा. कायम चालू ठेवलंत तर साधी ब्लू-रेसुद्धा एचडीआरच्या साच्यात ओतली जाते आणि रंग फिके पडतात.

आता ड्राइव्ह बिघडल्यावर काय होतं ते ऐका, कारण खरा संताप तिथे येतो. डीव्हीडी चालते, ब्लू-रे घेत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण सोपं आहे. एकाच डोळ्यात लाल आणि निळा असे वेगळे लेझर असतात आणि निळा आधी थकतो. कधी नुसती धूळ असते. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेत यंत्र महिनोन्महिने बंद पडून राहिलं तर भिंगावर पातळ थर बसतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून भिंगावर हलकेच फिरवा, वाळू द्या, मग बघा. ब्रश लावलेल्या ‘क्लीनिंग डिस्क’ आत घालू नका, ते ब्रश भिंगाला धक्के देतात. तरीही वाचत नसेल तर लेझरचा भाग बदलायचा. पण इथे कंपन्यांनी करून ठेवलेली मेख आहे: ड्राइव्हची हिरवी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, त्या कन्सोलच्या मदरबोर्डशी बांधलेली असते. बाजारातून अख्खा ड्राइव्ह आणून बसवलात तर गेमची डिस्क घेतच नाही. म्हणून जुनी पाटी सांभाळून काढायची आणि नव्या यंत्रणेवर तीच चढवायची. हे माहीत नसलेला कारागीर जुना ड्राइव्ह भंगारात टाकतो, आणि त्या क्षणी तुमचा कन्सोल कायमचा डिस्कविना होतो. दुरुस्तीला देताना स्पष्ट बजावा: जुना ड्राइव्ह मला परत पाहिजे.

२०२३ च्या बारीक पीएस-५ मध्ये कंपनीने ड्राइव्ह सुटा केला खरा, पण तो जोडताना इंटरनेट लागतं. तुमच्या पैशाचा ड्राइव्ह, तुमच्या पैशाचा कन्सोल, आणि दोघांची ओळख पटवून द्यायला कंपनीचा सर्व्हर हवा. पुढे कधी तो सर्व्हर बंद झाला तर? सिरीज एक्सवर तर ब्लू-रे बघायचं ॲपच स्टोअरमधून उतरवून घ्यावं लागतं. चांदीची तार असल्यासारखं हे सगळं जपून, मोजून-मापून देतात!

डिस्कची निगाही लोकांना कुणी नीट सांगत नाही. डीव्हीडीच्या काळात ओरखड्यावर टूथपेस्ट चोळायची सवय लागली. ती तिथे थोडीफार खपायची, कारण वाचायच्या बाजूला ०.६ मिलिमीटर प्लास्टिक होतं. ब्लू-रेवर ते फक्त ०.१ मिलिमीटर आहे, आणि त्यावर जो कडक लेप असतो तोच टूथपेस्ट खरवडून काढते. ब्लू-रे तिरकी धरून दिव्याखाली बघा. बोटाचा ठसा निळसर पृष्ठभागावर तेलकट उमटलेला दिसतो, आणि १०० जीबीच्या तीन थरांच्या डिस्कवर तेवढा ठसाही चित्र ठराविक जागी गोठवायला पुरतो. चष्म्याचं मऊ कापड घ्या, मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. डिस्क खराब निघाली म्हणून परत करण्याआधी हे करून बघा. बऱ्याच डिस्क अशाने मार्गी लागतात.

पीएस-३ ला अपडेटने नवं काही मिळत गेलं, २०१० मध्ये तर थ्रीडी ब्लू-रेसुद्धा. पीएस-५ ने तेच थ्रीडी काढून टाकलं. साधी ऑडिओ सीडीही त्याला चालत नाही. सिरीज एक्सनेही थ्रीडी सोडलं. काहीतरी कमी करत जायचं, हाच यांचा धंदा झालाय. २०२१ च्या ऑगस्टअखेर सोनीने आपल्या स्टोअरवरून चित्रपट विकणंही बंद केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस-५ प्रो आला, अमेरिकेत ६९९.९९ डॉलरला, आणि आत ड्राइव्हच नाही. डिस्क बघायची तर वेगळा ड्राइव्ह घ्या (तेव्हा तो ७९.९९ डॉलरला होता), इंटरनेट लावून तो जोडा. एवढं सगळं करून डॉल्बी व्हिजनची डिस्क घाला, तरी पडद्यावर एचडीआर-१० च दिसणार.