आता आपलं काय राहिलंय, म्हणे!

आज दुपारपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहिते.

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे मुंबईला चालल्यात. आता पेटीवर कोण, असा विषय निघाला. माझ्या एका मैत्रिणीचा सूर आम्हा सगळ्यांत पक्का. लेकीने हौसेने तिला पेटी आणून दिलीय, ती माळ्यावर चादरीखाली पडून आहे. म्हटलं, तू शीक. तर म्हणे, "छे गो, ह्या वयात बोटं कुठली वळायला? आपलं आता काय राहिलंय!" वय 57. आणि बाकीच्या माना डोलावतात, "बघा, किती समाधानी आहे!"

अहो, हे समाधान नाही, मन मारणं आहे! काकू वाजवत असताना हिची नजर पट्ट्यांवरून हलत नाही, मी रोज बघते. पण आपल्याकडे बाईने मन मारलं की कौतुक, आणि पन्नाशीनंतर काही हवंसं वाटलं की "हिला काय कमी आहे?" कमी काहीच नसतं. मुलं मार्गी लागलीत, घर व्यवस्थित आहे. तरी आत काहीतरी डाचतं. डाचू दे की! त्यात कसला आलाय कृतघ्नपणा?

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. दापोलीजवळच्या मुरूडला समुद्राला लागून घर, पण पाणी कधी घोट्याच्या वर लागू दिलं नाही. पोरं आगरातल्या विहिरीत डुंबायची, ह्या टॉवेल घेऊन काठावर. सासूबाई होत्या तोवर बोलायची सोय नव्हती. त्या गेल्या, तरी वहिनी काठावरच! तेव्हा कोण अडवत होतं?

61 व्या वर्षी, मे महिन्यात, माझ्या मुलाला म्हणाल्या, "मला शिकव." पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन सुंभाने बांधलेला. चिऱ्याची शेवाळलेली पायरी एका हाताने धरलेली, ती सुटेचना. बोटं पांढरी पडली. मुलगा आपला सांगतोय, "काकू, कॅन बुडू देत नाही, सोडा हात." किती वेळ गेला कोण जाणे. मग सोडला.

गाव काय बोललं ते लिहीत नाही. 'साठी बुद्धी नाठी' हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

आणि हे कुठल्या गावात? महर्षी कर्व्यांच्या मुरुडात! अण्णांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते, म्हणजे माझ्या मैत्रिणीहून एका वर्षाने मोठे. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ काढलं. लहानपणी हेच अण्णा मुरूडहून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले होते, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नव्हतं. त्यांना निदान दुसऱ्यांनी परत पाठवलं. आपण परीक्षेला जातच नाही.

बरं, सगळ्यांचं सारखं नसतं, मान्य. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, गुडघे खरंच गेले असतील, त्यांना मी काही म्हणणार नाही. पण हिच्या बोटांना काय झालंय? रोज दहा नारळ खवते ती!

लिहितालिहिता राग जरा उतरलाय. तिच्यावर नव्हताच म्हणा. जन्मभर ऐकलेलं एका दुपारीत कसं पुसलं जाणार? वहिनी एकदा केस पुसत मला म्हणाल्या होत्या, "पाण्याची भीती नव्हतीच गो मला. लोक काय म्हणतील ह्याची होती. आणि त्यातले निम्मे कधीच वर गेले होते."

त्यांना आता सुवर्णदुर्गावर जायचंय. हर्णैला मासळी आणायला गेलं की तो समोर पाण्यात दिसतो, पण उभ्या जन्मात पाय ठेवलेला नाही. पावसाळा सरला आणि होड्या सुरू झाल्या की आम्ही दोघी निघणार. कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. होडीवाल्याला माणसं किती ते आधी सांगावं लागतं.