होरेझूचा कोंबडा छापाचा नाही

रोमानियातल्या मातीच्या भांड्यांचे फोटो सध्या फिरताहेत आणि त्यांच्याखाली तीन दावे आहेत: काळी भांडी रंग फासून काळी करतात, होरेझू गावच्या, कोंबड्याचं चित्र असलेल्या थाळ्यांवरची नक्षी छापाची असते, आणि ही कला पाच हजार वर्षं अखंड चालत आली आहे. तिन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा तर कारागिरांवर अन्याय करणारा आहे.

मार्जिनेआ हे सुचेआवा जिल्ह्यातलं गाव. तिथली काळी भांडी कच्ची असतानाच दगडाने घासून गुळगुळीत करतात. भट्टी पुरती तापली की तिची तोंडं लिंपून टाकतात. हवा तुटते, धूर आत कोंडतो आणि तांबडी माती काळी पडते. यात रंगाचा थेंबही नसतो. विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांत सापडणाऱ्या काळ्या-तांबड्या भांड्यांचा काळा भागही असाच, हवा न मिळाल्याने झालेला.

आता थाळ्या. होरेझू गावातल्या कुंभारवस्तीचं नावच ओलारी, म्हणजे कुंभार. माती खणून आणणं पुरुषांकडे, नक्षी बहुतेक बायकांकडे. बैलाचं पोकळ शिंग, त्याच्या टोकाला हंसाच्या पिसाची नळी. त्यातून पातळ रंगीत माती थाळीवर सोडतात. थाळी चाकावर फिरत असेल तर वेटोळं उमटतं. मग रंग ओला असतानाच ‘गाइत्सा’, म्हणजे बारीक तारेचं टोक बसवलेली काडी, त्यातून ओढतात. रेघ ओढली जाते तसा रंग फाटत जातो आणि कोळ्याचं जाळं किंवा कोंबड्याची शेपटी तयार होते. हात थांबला की रंग सुकतो आणि रेघ गेली! म्हणूनच एकाच हातच्या दोन थाळ्या शेजारी ठेवून पाहा, रेघा जुळणार नाहीत. याच कसबाची २०१२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

पाच हजार वर्षांचा दावा कुकुतेनी या रोमानियातल्या प्रागैतिहासिक संस्कृतीवर बेतलेला आहे. तिचे अवशेष १८८४ मध्ये याश (Iași) शहराजवळ सापडले. तिच्या भांड्यांवर वेटोळी आहेत हे खरं. पण ती रंगवलेली, झिलईविना, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराविना. होरेझूची भांडी झिलईची. वेटोळी सारखी दिसली म्हणजे परंपरा अखंड, हे सिद्ध होत नाही.

छापाच्या संशयाला एक खरं कारण मात्र आहे. रस्त्याकडेच्या दुकानांत बल्गेरियातल्या ट्रॉयन शैलीची भांडी होरेझूच्या नावाने विकली जातात. ट्रॉयनची स्वतःची परंपराही मोलाची आहे, पण ती वेगळी. तिथे फसवणूक आहे ती विकणाऱ्याची. ओलारीतल्या बाईच्या हातावर संशय कशाला?